मुंबई उपनगर जिल्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई उपनगर हा खरंच वेगळा जिल्हा आहे का? आम्ही तर सगळ्यालाच मुंबई म्हणतो.

हो, वेगळा जिल्हा आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले: मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. महानगरपालिका मात्र दोन्हींना मिळून एकच आहे, त्यामुळे नळाचं पाणी, कचरा, रस्ते यांत आपल्याला फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो जमिनीचा, सातबाऱ्याचा, दाखल्यांचा आणि मतदारयादीचा विषय निघतो तेव्हा. विधानसभेचे दहा मतदारसंघ शहरात आणि सव्वीस उपनगरात आहेत, एवढ्यावरूनच वस्ती कुठे आहे ते कळतं. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती.

तसं पाहिलं तर ही फाळणी नवी नाही. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून साष्टी बेटाचा दक्षिण भाग काढून ‘मुंबई उपनगर’ असा जिल्हा केलेला होता. पुढे १९५० साली आणि मग १९५७ साली महापालिकेची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि सगळं एका बृहन्मुंबईत आलं.

हद्द नेमकी कुठे लागते?

पश्चिमेला वांद्रे ते दहिसर. पूर्वेला कुर्ला ते मुलुंड, आणि त्यात चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, तुर्भे (ट्रॉम्बे) हा सगळा पट्टा. माहीमची खाडी ओलांडली की उपनगर सुरू. नकाशा हाताशी नसेल तर रिक्षा बघा. जिथे रिक्षा धावतात ते उपनगर, आणि जिथे ‘यापुढे रिक्षा जात नाही’ म्हणून टॅक्सी किंवा बस धरावी लागते ते शहर. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही ‘टाऊनला जाऊन येतो’ म्हणतात. बोरिवलीत राहणाऱ्या माणसाच्या मनात ही हद्द अगदी पक्की असते.

जिल्हाधिकारी कार्यालय आणि तहसील कुठे आहेत?

जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. दाखल्यासाठी जायच्या आधी आपलं घर कोणत्या तालुक्यात येतं ते नीट पाहून घ्या. जिल्ह्यात ग्रामीण भाग नाही, त्यामुळे जिल्हा परिषदही नाही. गाड्यांची नोंद पश्चिमेला एमएच-०२ आणि एमएच-४७ खाली होते, तर पूर्वेकडच्या गाड्यांवर एमएच-०३ दिसतं.

‘साष्टी’ म्हणजे काय?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण या जिल्ह्याची किल्ली याच शब्दात आहे. साष्टी हे या भूमीचं मूळ नाव. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावं, यावरून ते आलं असं मानतात. आपण ज्याला उपनगर म्हणतो ते कुलाबा-गिरगाव भरून वाहिल्यावर सांडलेलं काही नव्हे. मुंबईच्या सात बेटांच्या उत्तरेला असलेलं हे स्वतंत्र, मोठं बेट आहे. त्याला डोंगर होते, भातखाचरं होती, मिठागरं होती, बंदरं होती. मुंबई नावाचं शहर जन्माला यायच्या कितीतरी शतकं आधी इथे माणसं राहत होती, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची घरं आजही तिथेच आहेत.

मग शहराचा आणि उपनगराचा इतिहास वेगळा का?

कारण राज्यकर्ते वेगळे होते. २३ डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई, मुंबई, साष्टी हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ साली पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या विवाह-करारात मुंबईची बेटं इंग्रजांकडे गेली, पण साष्टी पोर्तुगीजांनी सोडली नाही. म्हणजे माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला इंग्रज आणि उत्तरेला पोर्तुगीज अशी स्थिती तब्बल पाऊणशे वर्षं राहिली. वांद्र्याच्या टोकाचा १६४०चा किल्ला, कास्तेला दे आग्वाद, पोर्तुगीजांनीच बांधलेला.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढची साडेतीन दशकं साष्टीवर भगवं निशाण होतं. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. या भूमीवर मराठ्यांचं राज्य होऊन गेलं, हे आपल्या शाळेत नीट सांगितलं जात नाही, याची मला फार खंत वाटते.

कान्हेरीची लेणी एका दिवसात पाहून होतात का? काय बघायचं?

सगळी होत नाहीत, कारण शंभराहून जास्त आहेत. पण सकाळी लवकर गेलात तर महत्त्वाची नक्की होतात. बोरिवली पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत सुमारे सहा किलोमीटर जावं लागतं. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून जमल्यास मधला वार धरा.

काम सुरू झालं इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास आणि चाललं जवळजवळ हजार वर्षं. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, सगळे पाहतात. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या जवळजवळ सात मीटर उंच उभ्या मूर्ती आहेत. अकरा क्रमांकाचं ‘दरबार’ म्हणून ओळखलं जाणारं लेणं आणि एकेचाळीस क्रमांकातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर हेही चुकवू नका. नव्वद क्रमांकात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी तेव्हा ही लेणी बघायला आली होती आणि आपली नावं कोरून गेली.

पण मला कान्हेरीत सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते पाणी. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात डाव्या-उजव्या हाताला कातळात कोरलेलं एक टाकं असतं. त्याला पोढी म्हणतात. वाकून बघितलं तर तोंड लहान आणि पोट खोल. डोंगराच्या उतारावरून बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत, त्या पाऊस धरून या टाक्यांत आणतात. एप्रिलच्या भर उन्हात मी एका पोढीत हात घातला तेव्हा तळव्याला गारवा लागला होता. शेजारी दगडातच कोरलेला बाक होता, दोन माणसं टेकून बसतील एवढा. त्यावर बसलं की समोर सगळं बोरिवली, गोराईची खाडी आणि स्वच्छ हवेत समुद्राची रेघ दिसते. कुणीतरी, कधीतरी, पावसाचा एक थेंब वाया जाऊ नये म्हणून हा अख्खा डोंगर वाचला होता.

याशिवाय आणखी लेणी आहेत का?

आहेत, आणि तीही लोकलच्या अंतरावर. जोगेश्वरीला सहाव्या शतकातलं शैव लेणं आहे, योगेश्वरी देवीची आजही पूजा होते आणि गावाला नाव तिच्यावरून मिळालं. अंधेरी पूर्वेला महाकाली, म्हणजेच कोंडिविटेची बौद्ध लेणी. तिथल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत कोरली आहे, अशी रचना फार कमी ठिकाणी सापडते.

बोरिवली पश्चिमेचं मंडपेश्वर तर साष्टीचा सगळा इतिहास एका जागी दाखवतं. मूळ शैव लेणं, आत नटराज आणि शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावा. पोर्तुगीज काळात त्याचं प्रार्थनाघर झालं, वर डोंगरावर मठ बांधला गेला, त्याच्या भिंती पडक्या अवस्थेत उभ्या आहेत. लेण्यात एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे. नंतर पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. क्रूस तसाच ठेवला गेला.

लोक शहर सोडून इकडे राहायला कधी आले?

आधी वाट झाली, मग माणसं आली. १८४५ पर्यंत माहीमहून वांद्र्याला नावेने यावं लागे. सरकारने पैसे द्यायला नकार दिल्यावर लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि माहीमचा कॉजवे झाला. पुलावर टोल घ्यायचा नाही ही अट होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी कुर्ला-भांडुप मार्गे धावली, आणि १८६०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरही रूळ आले.

खरा लोंढा १८९६च्या प्लेगनंतरचा. शहरातल्या कोंदट चाळींतून ज्यांना शक्य होतं ते मोकळ्या हवेसाठी वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याला आले. १९१५च्या नगररचना कायद्याने शेतजमिनींचे आखीव प्लॉट पडले. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती व्ही.टी. ते कुर्ला, आणि १९२८ साली बोरिवलीपर्यंत वीज आली. फाळणीनंतर चेंबूर आणि मुलुंडला सिंधी निर्वासितांच्या छावण्या बसल्या. गिरगाव-परळची मराठी कुटुंबं त्यानंतरची पन्नास वर्षं स्टेशनागणिक उत्तरेला सरकत राहिली. आमच्या घराण्याचा प्रवास असाच आहे: पणजोबा गिरगाव, आजोबा पार्लं, आम्ही बोरिवली.

गावठाण म्हणजे काय? आणि ईस्ट इंडियन म्हणजे नेमके कोण?

टॉवरांच्या मधून चालताना अचानक रस्ता अरुंद होतो, बुटकी कौलारू घरं लागतात, बाहेरच्या बाजूने लाकडी जिना वर जातो, नाक्यावर पांढरा क्रूस आणि त्याला ताज्या झेंडूचा हार. समजा की तुम्ही गावठाणात आलात. वांद्र्याचं रणवार, अंधेरीची आंबोली, मरोळ, कलिना, कुर्ला, मालाडकडची गावं, पलीकडे मनोरी आणि गोराई. नाक्यावरचे अनेक क्रूस प्लेगच्या साथीत लोकांनी नवस म्हणून उभे केले. त्यांच्या पायथ्याशी कोरलेली सालं जरूर वाचा.

इथले ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन. हे गोव्याहून आलेले नव्हेत, परदेशातून तर नव्हेतच. ते साष्टी-वसईचेच कुणबी, आगरी, कोळी, भंडारी, सामवेदी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. आपण मूळचे इथले, हे सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत ठसवायचं होतं. घरात ते मराठीच बोलतात, आपल्याच मराठीची एक जुनी, गोड बोली. लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची कणसं देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा. देऊळ हा शब्द ते चर्चसाठीच वापरतात.

मे महिन्यात त्यांच्या अंगणात जाल तर चटयांवर मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस वाळत पडलेली दिसतील. भाजून, कुटून झालेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत लाकडी दांड्याने ठासतात, हवा राहू नये म्हणून. हाच बॉटल मसाला, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. गावठाणांची हद्द मोजून कागदोपत्री नोंदवावी ही त्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. एकदा तिथे टॉवर उभा राहिला की विहीर बुजते, आणि मग उंबराचं पाणी आणायचं कुठून?

कोळीवाडे अजून आहेत का?

आहेत. वेसावे, मढ, मनोरी, गोराई, जुहूचं मोरागाव, वांद्र्याची चिंबई, पूर्वेला माहूल आणि तुर्भे. ‘वेसावे’ म्हणा. वर्सोवा हा इंग्रजांच्या तोंडचा उच्चार. मढला बांबूच्या मांडणीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. नारळी पौर्णिमेला वेसाव्याला गेलात तर सोन्याच्या नारळाची मिरवणूक आणि कोळणींचा साजशृंगार डोळे भरून बघता येतो. समुद्रात टाकला जाणारा कचरा जाळ्यात वर येतो, ही त्यांची रोजची तक्रार. किनाऱ्यावर फिरायला जाल तेव्हा तेवढं ध्यानात असू द्या.

उद्यानात बिबटे खरंच आहेत? राहायला जागा घेताना भीती वाटते.

खरंच आहेत. २०१८च्या कॅमेरा-ट्रॅप मोजणीत उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे नोंदले गेले. शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं हे जंगल महानगराच्या हद्दीत टिकलं, त्याचं एक कारण पाणी. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी, आणि पाणलोटासाठी भोवतीचं रान राखावं लागलं. दोन्ही तलाव आजही आपल्याला पाणी देतात.

भीतीपेक्षा काही सवयी लावून घ्या. कचरा साचू देऊ नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंधारात लहान मुलांना एकटं सोडू नका. दिसला तर वाट द्या, घोळका करू नका. उद्यानात आणि गोरेगावच्या आरे वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. ते त्याच्या शेजारी राहायला शिकलेले आहेत. त्यांच्या पाड्यांना मात्र वीज आणि पाण्यासाठी दशकानुदशकं खेटे घालावे लागले. आरेची दूध वसाहत १९४९ ते ५१च्या दरम्यान उभी राहिली. तिथल्या मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीत झाडं तोडली गेली, तेव्हा त्यांच्यासोबत अख्खं उपनगर रस्त्यावर आलं होतं.

पार्ल्याचं एवढं कौतुक का?

कारण पार्लेकरांनी सरकारची वाट न पाहता संस्था काढल्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१, लोकमान्य सेवा संघ १९२३. व्याख्यानमाला, वाचनालय, ज्येष्ठांसाठी केंद्र, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यात होती. पु. ल. देशपांडे इथेच लहानाचे मोठे झाले. आणि १९२९ सालचा पार्ले बिस्किटांचा कारखाना! तो २०१६ साली बंद होईपर्यंत लोकलच्या खिडकीतून भाजलेल्या बिस्किटांचा वास आला की डोळे मिटूनही पार्लं आल्याचं कळे.

पण हे एकट्या पार्ल्याचं नाही. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आणि कालिदास नाट्यगृह, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. गोरेगावची परंपरा चळवळीची. मृणाल गोरे यांनी बायकांना घेऊन हंडे-लाटण्यांचे मोर्चे काढले, वस्त्यांना पाणी मिळवून दिलं, आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. १९७७ साली त्या खासदार झाल्या. आज गोरेगावातल्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे.

पूर्व उपनगरात बघण्यासारखं काय?

तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अणुभट्टी, ‘अप्सरा’, तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. आत सहज जाता येत नाही. हिवाळ्यात भांडुप-ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी मात्र सगळ्यांसाठी येतात. भरतीची वेळ पाहून जा.

जत्रा आणि सण कोणते चुकवू नयेत?

सप्टेंबरमध्ये, ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याला मोत माउलीची जत्रा भरते. माउंट मेरी हे तिचं इंग्रजी नाव, कोळी आणि आपण मोत माउलीच म्हणतो. मेणाचे हात, पाय, घर, बाळ अशा आकारांचे दिवे नवस म्हणून वाहतात, आणि रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. गणपतीत अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीला जात नाही, तो संकष्टीला वेसाव्याला विसर्जनाला निघतो. त्यामुळे अंधेरीत गणपती आणखी काही दिवस राहतो.

२६ जुलैबद्दल मुलं विचारतात. काय सांगावं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार-पवईतून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी भरावांनी अरुंद झाली होती. तिने कुर्ला, कलिना, वांद्रे बुडवलं. मुलांना हेही सांगा की त्या रात्री अनोळखी घरांची दारं उघडली, लोकांनी रस्त्यावर चहा-बिस्किटं वाटली, दोर बांधून माणसांना छातीभर पाण्यातून पार नेलं. आणि मिठी ही नदी आहे, नाला नव्हे, हे सांगा.

आम्ही नुकतेच इथे राहायला आलो आहोत. सुरुवात कुठून करू?

आपल्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं गावठाण किंवा कोळीवाडा शोधा. रिक्षावाल्याला ‘गावदेवी कुठे?’ विचारा, तो सांगेल. देवीजवळ बहुधा एखादी विहीर किंवा पिंपळ असतो आणि सकाळी तिथे एखादी आजी बसलेली असते. मग रविवारी मार्व्याहून मनोरीची बोट पकडा. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, सोबत दुचाक्या, माशांच्या टोपल्या, देवळात निघालेल्या बायका. पलीकडे उतरलात की उजवीकडे गोराईचा रस्ता जातो, जागतिक विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. परतीची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवा.